लग्नाची साठ वर्षे आणि माहेरच्या ट्रंकेत सापडलेला फोटो

केवडा (धागाकर्ती)

सस्नेह नमस्कार.

या ज्येष्ठात माझ्या आई-बाबांच्या लग्नाला साठ वर्षे पूर्ण झाली. आम्हा भावंडांचा बेत कार्यालय घेऊन, दीडशे पाने वाढून हीरकमहोत्सव करण्याचा होता. बाबांनी तो ऐकून घेतला आणि एवढेच म्हणाले, "माझ्या आईवडिलांचा लग्नातला एक फोटो कुठून मिळाला तर बघा, बाकी काही नको." या धाग्याचे मूळ त्या एका वाक्यात आहे, म्हणून आधी त्यामागची हकीकत सांगते.

आजी-आजोबांचे लग्न १९३८ सालचे. आमचे बिऱ्हाड तेव्हा पुण्यात नारायण पेठेत, नदीपासून हाकेच्या अंतरावर होते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही गेले आणि दुपारपर्यंत पेठांमध्ये पाणी शिरले. आजोबा सगळ्यांना घेऊन पर्वतीवर गेले. पाणी ओसरल्यावर परत आले तेव्हा तळमजल्यावरच्या भिंतीतल्या कपाटात गाळाशिवाय काही उरले नव्हते. फोटोंचा अल्बम, लग्नपत्रिका, आजोबांच्या मुंजीचा फोटो, पणजीचा एकुलता एक फोटो, सगळे त्या कपाटात होते. आजी भांड्यांबद्दल कधी हळहळली नाही, पण "माझी सासू कशी दिसायची ते आता कुणाला दाखवू?" असे मात्र ती शेवटपर्यंत म्हणत असे. त्यामुळे आमच्या घरात कुटुंबाचा इतिहास १९६१ च्या पावसाळ्यापासूनच सुरू होतो, अशी आम्हा मुलांची समजूत झाली होती.

बाबांच्या त्या वाक्यानंतर मी वाईला आजीच्या माहेरी फोन केला. तिच्या भावाच्या नातवाने सांगितले की वाडा पाडायला काढला आहे आणि माडीवरच्या दोन ट्रंका अजून उघडलेल्या नाहीत. आम्ही दुसऱ्याच दिवशी निघालो. दुसऱ्या ट्रंकेत, जरीच्या फाटक्या पीतांबराच्या घडीत, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला हातभर लांबीचा फोटो निघाला. वधूपक्षाने आपल्यासाठी एक प्रत ठेवली होती आणि ती तेवीस वर्षांनी आलेल्या पुरापासून शंभर किलोमीटर दूर, कोरडी राहिली होती. तेव्हापासून मला मनापासून वाटते की घराण्याचे फोटो घराण्याच्या घरातच शोधण्यात आपण चूक करतो. ते सुनांच्या माहेरी असतात आणि आपल्या मुली जिथे दिल्या तिथे असतात. लग्नाचा फोटो काढला की एक प्रत व्याह्यांकडे जाई, बाळंतपणाला आलेल्या लेकीचा काढला की एक प्रत तिच्या सासरी जाई. ज्या घराने मुलगी दिली त्या घराने तिचा चेहरा जपून ठेवला, कारण ती रोज दिसणार नव्हती.

फोटोत सतरा माणसे आहेत. मध्ये आजोबा खुर्चीवर बसलेले, डोक्याला पगडी, कपाळावर मुंडावळ्या. आजी शेजारी उभी. तिचे वय पंधरा. शारदा कायदा १९३० साली लागू झाला आणि त्याने मुलीचे वय किमान चौदा ठरवले, तेव्हा त्या हिशेबाने ती नुकतीच त्या रेषेपलीकडे गेलेली. तिचा डावा हात खुर्चीच्या पाठीवर आहे आणि त्या हातातल्या बांगड्या एकात एक मिसळून धुरकट उमटल्या आहेत. बाकी सगळी माणसे श्वास रोखून उभी असताना तिचा हात हलला होता. बाबा भिंग घेऊन त्या हाताकडे किती वेळ पाहत होते, ते मी सांगू शकत नाही.

आता माझी अडचण. पुठ्ठ्याच्या मागे जांभळ्या शिसपेन्सिलीने सात-आठ ओळी लिहिलेल्या आहेत, पण त्या मोडीत आहेत आणि निम्म्या पुसट झाल्या आहेत. सतरांपैकी आम्हाला पाच चेहरे ओळखू येतात. मागच्या रांगेत अगदी उजव्या टोकाला डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई उभी आहे. आई म्हणते ती पणजी असावी, बाबा म्हणतात नव्हे. कुणाला मोडी येत असेल तर कृपया मदत करावी. आपल्या घरी अशा प्रसंगी जुन्या फोटोंचे काय केले, हेही लिहावे.

मोडीवाचक

केवडाताई, फोटो पाहिला. समोरून प्रकाश पडल्यामुळे अक्षरे पुठ्ठ्याच्या रंगात बुडाली आहेत. खोलीत अंधार करून एका बाजूने, अगदी तिरपा बॅटरीचा उजेड पाडावा आणि दोन्ही बाजूंनी एकेक छायाचित्र घ्यावे. पेन्सिलीच्या दाबाने पडलेली खाच सावलीमुळे वाचता येते, रंग गेला असला तरी. मोडीत आधी आडवी शिरोरेघ ओढून मग हात न उचलता लिहितात, शब्द तोडत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद ठेवत नाहीत. त्यामुळे विशेषनामांच्या बाबतीत घाईने निष्कर्ष काढणे योग्य नाही. सध्या पहिल्या ओळीत "शके १८६०" आणि "ज्येष्ठ" एवढे निश्चित वाचता येते. शकात ७८ मिळवले की १९३८ येते, म्हणजे तुमच्या घरातली आठवण बरोबर आहे.

ज्याने हे लिहून ठेवले त्याचे मोल मोठे आहे. आनंदीबाई जोशी यांचा फिलाडेल्फियातला १८८५ सालचा फोटो आपण सर्वांनी पाहिला आहे. त्यात त्यांच्यासोबत आणखी दोन विद्यार्थिनी बसलेल्या आहेत. त्या टोकियोच्या आणि दमास्कसच्या होत्या हे आज आपल्याला ठाऊक आहे, कारण फोटोखाली तिघींची नावे आणि गावे लिहिलेली आहेत. त्या ओळी नसत्या तर त्या दोघी आपल्यासाठी केवळ परदेशी पोशाखातल्या दोन बायका राहिल्या असत्या.

गिरणगावकर

हा धागा वाचून लिहिल्याशिवाय राहवले नाही. माझ्या आईवडिलांचे लग्न १९५९ चे, राजापूर तालुक्यातल्या आमच्या वाडीत झाले. लग्नाचा फोटो नाही, कारण फोटोवाला आणायचा तर तो रत्नागिरीहून आणावा लागला असता. वडील लालबागला गिरणीत कामाला होते, खानावळीत जेवत आणि बारा-पंधरा जणांच्या खोलीत पाळीपाळीने झोपत. आई गावी शेती आणि सासू-सासरे सांभाळत असे. गणपतीला आठ दिवस आणि शिमग्याला सहा दिवस, एवढाच त्यांचा वर्षाचा संसार. बाकी मनीऑर्डरच्या फॉर्मवर खाली जी दोन बोटे रुंद जागा असे तिच्यात मावेल तेवढा.

त्यांचा एकत्र असा पहिला फोटो १९६७ चा आहे. आई डोळ्याच्या उपचारासाठी मुंबईला आली होती आणि वडिलांनी तिला परळच्या एका स्टुडिओत नेले. मागे रंगवलेला पडदा आहे, त्यावर कमानी आणि कारंजे. आईचे पाय अनवाणी आहेत आणि वडिलांच्या पायात दुसऱ्या कुणाचे तरी बूट आहेत, ते मोठे होतात हे टाचेपाशी स्पष्ट दिसते. दोघांमध्ये वीतभर अंतर आहे. लग्नाला आठ वर्षे झालेली आणि सगळे मिळून चार महिनेही एका छपराखाली न राहिलेली ती दोन माणसे आहेत, हे कळल्यावर ते अंतर निराळे दिसू लागते.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि वडिलांची गिरणी त्यानंतर पुन्हा धड चालली नाही. त्या संपाने आमच्या घराचे काय केले ते मी इथे लिहिणार नाही. परंतु आई एक गोष्ट नेहमी सांगे आणि ती सांगताना तिचा आवाज हळू होई. ती म्हणे, "माझा संसार संपानंतर सुरू झाला." वडील गावी परतले तेव्हा ते शेहेचाळीस वर्षांचे होते. पुढे अडतीस वर्षे ती दोघे एकत्र राहिली. लग्नाच्या पन्नासाव्या वर्षी आम्ही तोच फोटो मोठा करून ओटीवर लावला आणि त्याखाली दोन तारखा लिहिल्या, लग्नाची एक आणि वडील कायमचे घरी आले त्या दिवसाची एक. आईने दुसऱ्या तारखेला हळदकुंकू वाहिले.

कृष्णाकाठ

मी सांगलीचा. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आमच्या घरात साडेसहा फूट पाणी होते. त्या वेळी शिकलेल्या काही गोष्टी लिहितो, कारण केवडाताईंच्या घरी १९६१ मध्ये जे झाले ते कुणाच्याही घरी पुन्हा होऊ शकते.

भिजलेले फोटो एकमेकांवर चिकटलेल्या स्थितीत वाळू देऊ नयेत. एकदा वाळले की जिलेटिनचा थर समोरच्या फोटोला धरून बसतो आणि सोडवताना चेहरेच निघून येतात. आम्ही घाईने अर्धा अल्बम उन्हात टाकला आणि तो अर्धा गमावला. उरलेला स्वच्छ थंड पाण्याच्या परातीत ठेवून, एकेक फोटो पाण्यातच अलगद सुटा करून, टिपकागदावर चेहरा वर ठेवून सावलीत वाळवला आणि तो वाचला. दोन दिवसांत हे करणे शक्य नसेल तर फोटोंमध्ये मेणकागद घालून, पिशवीत भरून ते गोठवावेत आणि सवडीने एकेक सोडवावेत. केवडाताई, तुमच्या फोटोला मात्र पाण्याचा थेंबही लागू देऊ नका. ती जांभळी पेन्सिल शाईची असते आणि ओलावा लागताच तिचा रंग पसरून सगळे अक्षर जाते.

काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नये. काचेसकटच स्कॅन करावा. साध्या फोटोला सहाशे डीपीआय पुरते, मूळ फाईल टिफमध्ये ठेवावी आणि वाटण्यासाठी वेगळी लहान प्रत करावी. चिकट पानांवर प्लॅस्टिकचा पापुद्रा असलेले अल्बम आपण ऐंशीच्या दशकात हौसेने आणले, त्यांनीच सर्वाधिक नुकसान केले आहे. काळ्या पानांचे आणि कोपऱ्यांचे जुने अल्बम त्यांच्यापेक्षा कितीतरी बरे होते. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. आजोबांच्या लग्नाचे कृष्णधवल फोटो टिकतात, कारण त्यात चांदी असते. आपल्या स्वतःच्या लग्नातले सत्तर-ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो मात्र अंधाऱ्या कपाटातसुद्धा तांबूस होत चालले आहेत, कारण त्यांतला निळसर रंग आधी उडतो. तेव्हा स्कॅन करायला घ्याल तर रंगीत आधी घ्या.

मागच्या बाजूला लिहायचे असेल तर मऊ शिसपेन्सिलीने, कडेला, अगदी हलक्या हाताने लिहावे. बॉलपेनची रेघ पुढे चेहऱ्यावर उमटते. माझ्या आत्याच्या गालावर तिचेच आडनाव उलटे उमटलेले आहे.

वैनगंगा

आमच्याकडे भंडाऱ्याला फोटोचा काळ ओळखण्याची एक वेगळी खूण आहे. माझ्या आजोबांच्या थोरल्या भावाचे लग्न १९५५ मध्ये झाले, त्या फोटोत बाशिंग आहे, हळद आहे. आजोबांचे लग्न १९५८ मध्ये झाले. मधल्या काळात, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, आमचे सगळे कुटुंब नागपूरला दीक्षा घेऊन आले होते. आजोबांच्या फोटोत बाशिंग नाही. आजी पांढऱ्या लुगड्यात आहे, आजोबा पांढऱ्या सदऱ्यात, आणि दोघांच्या मागे टेबलावर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर आहे. तसबिरी नीट दिसाव्यात म्हणून आजोबांनी फोटोवाल्याला सांगून नवरा-नवरीला थोडे बाजूला उभे केले होते, असे आजी सांगते. त्यामुळे स्वतःच्याच लग्नाच्या फोटोत ती दोघे कडेला आहेत. दोन भावांचे हे दोन फोटो आम्ही शेजारी शेजारी लावले आहेत. तीन वर्षांत घरात काय घडले, ते घरातल्या लहान मुलांनाही त्यावरून समजते.

आजी आता पंच्याऐंशीची आहे. लग्नाला पासष्ट वर्षे झाली तेव्हा आम्ही तिला आणि आजोबांना तो फोटो हातात देऊन मोबाईलवर त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले. माझा अनुभव असा आहे की प्रश्न विचारले की जुनी माणसे थोडक्यात उत्तर देतात, पण फोटो दिला आणि आपण गप्प राहिलो की दोघे एकमेकांशी बोलू लागतात आणि एकमेकांना दुरुस्त करतात. त्या दुरुस्त्यांत खरा इतिहास सापडतो.

मांडवीतीर

गोव्यात लग्नाची नोंदणी पोर्तुगीज काळापासून सक्तीची असल्यामुळे आमच्याकडे तारखेचा वाद सहसा होत नाही. विधी होण्याआधी वधूवर सह्यांसाठी निबंधकाच्या कचेरीत जातात. त्या नोंदीत वधूचे माहेरचे पूर्ण नाव आणि तिच्या आईवडिलांची नावे असतात. माझ्या पणजीचे माहेरचे नाव घरात कुणालाच आठवत नव्हते, कारण लग्नात नाव बदलल्यानंतर ते कुणी उच्चारलेच नव्हते. ते आम्हाला त्या नोंदीतून मिळाले. घाटावरच्या मंडळींनी नाशिकच्या किंवा त्र्यंबकेश्वरच्या आपापल्या तीर्थोपाध्यांच्या वह्या अवश्य पाहाव्यात. कुळातले कोण कधी येऊन गेले याच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी त्यांच्याकडे असतात.

उंबरठा

सर्वांचे प्रतिसाद आवडले, तरीही एक गोष्ट गांभीर्याने मांडावीशी वाटते. लग्न किती वर्षे टिकले एवढ्यावरून त्याचा गौरव करता येत नाही. माझ्या पणजोबांच्या लग्नाला बावन्न वर्षे झाली असे घरात अभिमानाने सांगितले जाई. ते लग्न दुसरे होते. पहिली बायको मूल होत नाही म्हणून माहेरी धाडली गेली. १९४६ साली मुंबई प्रांतात द्विभार्याप्रतिबंधक कायदा झाला, त्याच्या चार वर्षे आधीची ही गोष्ट. आमच्याकडे पणजोबांचा एक तरुणपणचा फोटो आहे, त्याची डावी बाजू कात्रीने सरळ कापलेली आहे. पणजोबांच्या खांद्यापाशी, कापल्या रेघेला लागून, पदराचा काठ तेवढा शिल्लक आहे.

म्हणून मला जोतिराव आणि सावित्रीबाई फुले आठवतात. १८४० मध्ये त्यांचे लग्न झाले आणि १८९० मध्ये जोतिराव गेले. ती पन्नास वर्षे आहेत. मूल नसले की दुसरी बायको करणे हा रिवाज असलेल्या काळातली ती पन्नास वर्षे आहेत, आणि त्यांनी तसे न करता एका विधवेचा मुलगा दत्तक घेतला. मला तो सहवास साजरा करावासा वाटतो. आपल्या घरी हीरकमहोत्सव करताना कापलेले फोटोही टेबलावर ठेवावेत, एवढीच माझी विनंती आहे. मी तो कापलेला फोटो तसाच चौकटीत बसवला आहे आणि डाव्या बाजूला तिच्यापुरती जागा कोरी सोडली आहे.

केवडा (धागाकर्ती)

उंबरठाताई, आपले म्हणणे मला पूर्णपणे पटते, आणि ते किती योग्य वेळी आले ते पुढे वाचून कळेल.

तिरप्या उजेडात काढलेली छायाचित्रे मी मोडीवाचक यांना पाठवली. त्यांनी दोन रात्री बसून सतरांपैकी चौदा नावे लावून दिली. अक्षर आजीच्या वडिलांचे आहे. ते मामलेदार कचेरीत कारकून होते, त्यामुळे हात सराईत आहे. टोकाला उभी असलेली बाई आमची पणजी नाही, ती आजीची आत्या आहे. ती आलवणात, म्हणजे विधवेच्या तांबड्या लुगड्यात आहे, कृष्णधवल फोटोत ते काळसर दिसते, म्हणून आम्हाला कळले नव्हते. अकराव्या वर्षी वैधव्य येऊन ती माहेरी परत आली होती. लग्नाच्या मांडवात अशा बाईला पुढे येऊ देत नसत, हे आपण सर्व जाणतो. पणजोबांनी मात्र तिला फोटोत उभे केले आणि मागे नाव लिहिताना बाकीच्या बायकांसारखे "अमक्याचे कुटुंब" असे न लिहिता तिचे स्वतःचे नाव लिहून पुढे "माझी बहीण" असे लिहिले. "माझी" हा शब्द वाचला गेला तेव्हा बाबांनी तो माझ्याकडून पुन्हा दोनदा वाचून घेतला. आजीला अक्षरओळख करून देणारी आत्या ती हीच. आजी तिच्याबद्दल नेहमी सांगे, पण तिचा फोटो आहे हे आजीलाही बहुधा आठवत नव्हते, किंवा आठवत असले तरी तो पुरात गेला असेच ती धरून चालली होती.

साठाव्या वाढदिवसाला आम्ही कार्यालय घेतले नाही. घरातच तीस माणसे जमली, त्यांत वाईची सात. दिवाणखान्यात मोठे टेबल मांडून त्यावर आजीचा फोटो, आई-बाबांच्या १९६५ च्या लग्नातले उरलेले नऊ फोटो आणि वाईच्या ट्रंकेतले आणखी काही असे ठेवले. तेव्हा एका रोलमध्ये बारा फोटो निघत, आणि फोटोवाल्याने आणखी रोल लावायचा तर आजोबांना विचारावे लागे, म्हणून सगळे लग्न बारा फोटोंत आटोपले. एका फोटोत पंगतीत एक मुलगा जिलेबी धरून कॅमेऱ्याकडे पाहत आहे. आई म्हणते तो तिचा मावसभाऊ, बाबा म्हणतात तो शेजारच्या बिऱ्हाडातला. वैनगंगा यांनी सुचवल्याप्रमाणे आम्ही गप्प राहिलो. अर्धा तास दोघांचे चालले होते. त्यात आईकडून कळले की आदल्या रात्री मांडवातली वीज गेली होती आणि बाबा गॅसबत्ती घेऊन वधूपक्षाच्या दारात आले होते, तेव्हा तिने त्यांना पहिल्यांदा नीट पाहिले. साठ वर्षांत हे आम्हाला कुणी सांगितले नव्हते. बाबांनाही ते ठाऊक नव्हते. त्या फोटोमागे आम्ही दोघांचीही मते लिहून ठेवली आहेत.

कृष्णाकाठ यांच्या सूचनेप्रमाणे मूळ फोटो स्कॅन करून वाईकरांना परत दिला, कारण तो त्यांनी सांभाळला आणि त्यांच्याकडेच तो सुरक्षित राहिला आहे. दोन प्रती काढल्या. प्रतीच्या मागे नावे लिहिण्यासाठी आईने मऊ पेन्सिल घेतली, बाबा मोडीवाचक यांचा कागद समोर धरून एकेक नाव सांगत होते आणि आई बाळबोधीत लिहीत होती. स्त्रियांची दोन्ही नावे लिहिली, माहेरचे आधी. तीन जागा रिकाम्या आहेत. आत्याच्या नावापाशी आल्यावर आई थांबली आणि तिने बाबांना विचारले, "माझी बहीण असेच लिहू ना?" बाबा म्हणाले, "तसेच लिही, त्यांनी लिहिले आहे तसेच."

मोडीवाचक

केवडाताई, उरलेल्या तीन नावांपैकी एक काल रात्री लागले असे वाटते. चौथ्या ओळीच्या शेवटी मी जे "ताई" वाचत होतो ते "बाई" आहे, आणि त्याआधीचे अक्षर "स" असावे. पुठ्ठ्याच्या त्याच कोपऱ्याचे, उजेड डावीकडून पाडून, आणखी एक छायाचित्र वाईकरांकडून मागवता येईल का?